बाजेवरच्या आंघोळीचा हुकूम

लिहून देणार: भीमा नरसिंग सोनकांबळे, वय बावीस, धंदा मिळंल तो, राहणार मौजे कवठापूर, तालुका उदगीर, जिल्हा मागच्या पावसाळ्यापतोर उस्मानाबाद, हल्ली लातूर.

लिहून घेणार: कोनी न्हाई. मृत्युपत्राला घेनारा नसतो, नुसते मिळनारे असतेत.

कारणे मृत्युपत्र लिहितो की, इस्टेटीच्या आधी गुन्हा सांगून टाकतो, म्हंजे पुढं हात मोकळा ऱ्हाईल. आपल्या गावात सक्रातीपासनं नव्या जिल्ह्याचा म्हून जो कायदा चालू हाय, बाजेवर बसून आंघोळ करायचा आन डाळीला गोधडी पांघरायचा, तो जिल्ह्याचा न्हाई. लातूरला तो कोनाला मालूम बी न्हाई. तो माझा हाय. मीच केला, मीच दवंडी दिली, आन कायदा मोडला म्हून सरपंचानं एक-दोघाला चौकात झाडलं तवा बाजूला उभा ऱ्हाऊन मीच मान हालवत होतो.

हे मी राजीखुशीनं लिव्हतो. माझं डोकं ठिकानावर हाय. शाळेतल्या गुरुजीचं मत येगळं हाय, पर गुरुजीनं मला सातवीत दोनदा ठिवून घेतलं, सबब त्येंचं मत धरू नये. मी काई प्यालो न्हाई. कोनाच्या दाबात न्हाई, लालुचीत न्हाई. धाकात हाय, पर तो धाक उद्याचा हाय, आजचा न्हाई.

ही भाषा मला कुठनं येती म्हनाल तर उदगीरला तहशिलीम्होरं एक अर्जनवीस बसतो, त्येच्या टेबलापशी एक सुगी मी च्या आनून देत काढली. त्येच्याकडं रोज एक तरी मानूस मरायच्या तयारीनं येऊन बसायचा. ऐकून ऐकून 'सबब', 'मजकूर' आन 'दरोबस्त' एवढं पाठ झालं. बाकीचं माझं.

आता मरन कशाला आठवलं ते सांगतो. उद्या लातूरहून एक साहेब जीप घिऊन येनार हाय. आमच्या गावातला हा कायदा कुठनं आला ते बघायला. तो एकदा म्हनला की आमी असा हुकूम काढला न्हाई, की समदं गाव माझ्याकडं वळंल. सरपंच अण्णाराव हानतील ते येगळं, सरकारच्या नावानं खोटी दवंडी दिली म्हून पोलीस नेतील ते येगळं. ज्या अंगावर एवढे दावेदार, त्येच्या मागं काय उरतंय त्येची वाटनी आधीच केलेली बरी.

माराची भीती हाय. पर मोठी भीती दुसरी हाय. ती कलम तिसरं वाचलं की कळंल.

कलम पैलं: घर.

घर दोन खनाचं, वरी पत्रा. चतुःसीमा येनेप्रमाने: उगवतीला शांतम्माची भिंत, मावळतीला लिंबाचं झाड, वरल्या अंगाला नाली, खालच्या अंगाला नदीकडं जानारी पायवाट. ही पायवाट सरकारनं केली न्हाई, माझ्या आईच्या पायानं पडली. घर दरोबस्त, म्हंजे समदंच्या समदं, माझी आई भामाबाई हिच्या नावानं. तिच्या मागं भन पंचशीला हिला. ती नांदेडला मास्तरीन व्हायचं शिकती, तिला गावात घर लागनार न्हाई म्हनती, पर असू द्यावं.

पायवाट नदीला जाती आन नदीत पानी न्हाई. वाळूत खड्डा खनायचा, त्येला आमी झिरा म्हनतो. वाटी-वाटीनं पानी झिरपतं. आई तिथं उकिडवी बसायची. उन्हं वर यायची, सावली फिरायची, आई वाटीच भरत असायची. मधी येऊन भाकर टाकायची, परत जायची. मी तिला दिवसा बसलेली बघितलीच न्हाई, झिऱ्याजवळ बसायची ते बसनं नव्हं.

गावात पानी नव्हतं असं बी न्हाई. अण्णारावाच्या हिरीला कंबरभर होतं. त्या हिरीला आमच्या आळीची घागर लागत न्हाई. असं कुठल्या कायद्यात न्हाई, कोन्या साहेबानं तसा हुकूम काढला न्हाई, दवंडी झाली न्हाई. तरी चालतंय. सबब माझा बिनहुकमाचा कायदा चालला तर एवढं नवल करायचं कारन न्हाई.

आई एकडाव धीर करून अण्णारावाच्या ओसरीखाली उभी ऱ्हायली. मी मागं होतो.

"सरपंच, झिरा आटत चाललाय. तुमच्या हिरीला आमच्या आळीची एक येळ लावून द्या. सकाळची नसंल तर दुपारची द्या."

अण्णाराव पानाला चुना लावत होते. म्हनले, "भामाबाई, आता जिल्हा नवा झालाय. नवा कायदा यायचाय. तो आला की बघू. तवर जुनं हाय तसं चालू द्या."

त्या साली अण्णारावाचं उत्तर एकच होतं. रस्ता कवा व्हनार, नवा कायदा यायचाय. गुरुजी कवा बदलनार, नवा कायदा यायचाय. लोकांला बी ते पटायचं. शांतम्मा तर जिल्हा बदलला तवा रेशनकार्ड घिऊन रडत आमच्या घरी आली होती, की आता हे कार्ड मेलं का म्हून. नवा जिल्हा म्हंजे नक्की काय बदललं हे कोनाला दिसत नव्हतं. पाऊस तर जुन्या जिल्ह्यात बी आला नव्हता. म्हून लोक वाट बघत होते, काई तरी येईल.

आई माघारी फिरली. माझ्या मनात आलं, यायचाय ना, मग येऊ द्या की.

कलम दुसरं: तेलाचा डबा.

हा डबा आईचाच हाय, तिला परत. मी न ईचारता नेला होता. एका बाजूला चेप आलाय. शेळीनं पाडला म्हून मी तिला सांगितलंय, पुढं बी तेच चालू ठिवावं.

डब्याचं काम असं झालं. गावचा कोतवाल व्यंकटी. दवंडी त्येची. बोलतो नाकातनं, आन दर वाक्याच्या शेवटाला असा सूर लांबवतो जनू बैल वळवायलाय. त्येची नक्कल मी न्हानपनापासनं करतो. त्या हप्त्यात व्यंकटी कोनाला न सांगता लेकीकडं देगलूरला गेला होता. ते फक्त मला मालूम होतं, कारन येस्टी गाठायला मीच त्येला सायकलीवर सोडलं होतं.

हलगी आमच्या घरात न्हाई. आज्यानं छपन साली बुद्धाचा धर्म घेतला तवा हलगी चुलीत घातली आन म्हनला, आता गावाची बोंब गावानं मारावी. त्येचा शब्द मोडायचा नव्हता. डबा हा हलगीत धरला जात न्हाई असं मी मनाशी ठरवलं. अर्जनवीसानं बी तसंच ठरवलं असतं.

फाटं, लोक अजून गोधडीत असताना, तोंडाला पंचा गुंडाळून, डबा वाजवत मी आळीआळीच्या मागनं फिरलो आन व्यंकटीच्या नाकातनं बोललो:

"नवा जिल्हा लातूर, त्येचा नवा हुकूम हाय हो. आजपासनं गडीमानसानं न्हानीत आंघोळ करू नये हो. अंगनात बाज टाकावी, बाजेखाली घमेलं ठिवावं, बाजेवर बसून पानी घ्यावं. पैलं सरपंचानं, मग गावानं. बायांनी आडोशाला घमेल्यावर पाट टाकावा. घमेल्यातलं पानी कापडाला, कापडाचं पानी झाडाला. चुकंल त्येचं नाव लातूरला जाईल हो."

थांबायला पायजे होतं. पर गळा तापला होता. म्हून पुढच्या आळीत अजून जोडलं:

"डाळीला एक उकळी आली की लाकूड मागं वढावं, हंडी भुशाच्या टोपलीत ठिवावी, वर गोधडी घालावी, डाळीला थंडी वाजू देऊ नये हो. दोन घराला एक कंदील, आन दुकानाला जायचं तर एकानं जावं, समद्या आळीचं आनावं हो."

ही दोन कलमं निव्वळ चेष्टा होती. डाळीला गोधडी म्हनताना मलाच हसू फुटलं, व्यंकटीला ठसका लागला असं लोकांला वाटलं.

मला पायजे होतं ते एवढंच, की अण्णाराव उघड्या अंगनात बाजेवर बसलेले एकडाव डोळ्यानं बघावेत.

कलम तिसरं: बाज.

माझी बाज भन पंचशीलाच्या व्हनाऱ्या नवऱ्याला. कोन असंल तो असंल. त्येनं बाजेवरच आंघोळ करावी ही अट. अट मोडली तर बाज परत घ्यावी, भनीचं बघावं.

अण्णारावाची आधीची आंघोळ गावाला पाठ होती. गडी हिरीतनं घागर काढायचा, हे डोक्यावर घ्यायचे, मोठ्यानं खाकरायचे, दुसरी घागर यायची. पानी न्हानीतनं नालीत, नालीतनं खड्ड्यात. त्या दुष्काळात आमच्या गावात ताजीतवानी दोनच, अण्णाराव आन खड्ड्यातली डुकरं.

दवंडीच्या सकाळी मी त्येंच्या भिंतीवर जाऊन बसलो. आधी बरेच लोक येऊन बसले होते. अण्णारावाला शंका आली न्हाई. कशी येनार, पाच महिने झाले तेच सांगत होते की कायदा यायचाय. आला. मुकाट बाजेवर बसले. गड्यानं पैला तांब्या टाकला.

आता बाज सुतळीची असती. ओल्या सुतळीवर उघडं बसून बघा एकदा. मांडीवर चटईची नक्षी उठती. अण्णाराव डाव्या अंगावर गेले, उजव्या अंगावर गेले, अर्ध्या घागरीत म्हनले, "झालं. पंचा आन."

मागनं कोनी तरी म्हनलं, "सरपंच, पाठ ऱ्हायली."

"पाठीचं कायद्यात न्हाई," अण्णाराव म्हनले.

मी पोट धरून भिंतीवरनं पडलो. मला वाटलं खेळ संपला. पर अण्णारावाचा सोभाव मी धरला नव्हता. आपल्या मांडीवर नक्षी उठली आन दुसऱ्याच्या उठली न्हाई, हे त्येंला सहन होईना. दुसऱ्या दिवसापासनं हातात काठी घिऊन आळीआळीनं फिरायला लागले. "बाज कुठाय? घमेलं कुठाय? म्या बसलो, तुला काय झालं?" आठ दिवसात गावातली एक न्हानी ओली ऱ्हायली न्हाई. पानी वाचवा म्हून बोर्ड लावून जे झालं नसतं ते सुतळीनं आन सरपंचाच्या खुन्नसीनं झालं.

घमेल्यातलं पानी कापडाला गेलं. कापडाचं लिंबाला गेलं. आमच्या मावळतीचं लिंबू, जे मी सरपनाला तोडनार होतो, त्येला पालवी आली. झिऱ्याच्या फेऱ्या निम्म्यानं तुटल्या.

मंग एका दुपारी मी घरी आलो तर आई दाराशी भिंतीला टेकून बसलेली. हात मांडीवर. मला वाटलं काई तरी झालं.

"काय गं, दुखायलंय का?"

"न्हाई."

"मग?"

"पानी भरलंय," आई म्हनली. "बसलेय."

तिला बसता येत नव्हतं. हात कुठं ठिवावा कळत नव्हतं. एकडाव पदर नीट केला, एकडाव जमिनीवरची काडी उचलून परत ठिवली. पुढच्या सुट्टीत पंचशीला आली तिनं त्या हाताला पेन्सिल दिली. आता आई 'भामाबाई' एवढं लिव्हती. 'भा' लई मोठा येतो, 'ई' ला जागा उरत न्हाई.

त्याच दुपारी ती मला म्हनली, "नव्या जिल्ह्यात कायदा करनारी कुनी तरी बाई असंल बघ."

"कशावरनं?"

"गड्याला कसं मालूम असंल, घागर कुठं दुखती ते."

ही माझी मोठी भीती. साहेब उद्या म्हनला की कायदा खोटा, तर अण्णाराव त्याच संध्याकाळी न्हानीत जातील, त्येंच्या मागं गाव जाईल, आन आई झिऱ्यावर. मला मारा, पर कायदा ठिवा, एवढं उद्या म्हनायचं मी ठरवलंय. पैल्या दोन रट्ट्यात म्हनलं पायजे, नंतर आवाज निघंल न निघंल.

कलम चौथं: भुशाची टोपली आन लिंबाचं झाड.

दोन्ही शेजारीन शांतम्मा हिला. ती बिदरकडची, म्हातारी, एकटी. दवंडी झाली तवा आमच्या दारात येऊन म्हनली, "अय्यो भीमा, डाळीला थंडी वाजते म्हने. लातूरवाल्याला ताप आलाय काय रे?"

"हुकूम हाय अव्वा. घाला गोधडी."

ती हुकमाला भेनारी, घातली. भाकरी थापून झाल्यावर उघडलं तर डाळ मऊ शिजलेली, वाफ निघायलेली. तिनं मला बोलावून दाखवलं. मी टोपलीत हात घालून बघितला, खाली इस्तू लपवला असंल म्हून. नुसता भुसा. चेष्टा खरी निघाली की मानसाला कसं वाटतं हे मला तवा कळलं. आपन दगड मारावा आन आंबा पडावा, पर आंब्याचं झाडच तिथं नसावं, तसं.

तिची लाकडाची मोळी आता तीन-चार दिवस पुरती. गुडघ्याचं दुखनं तेवढंच ऱ्हायलं, पर चालनं कमी झालं. लिंबाचं झाड आमच्या हद्दीत हाय पर तिच्या कापडाच्या पान्यावर वाढलंय, सबब तिचं. लोनच्यातली एक बरनी आईला द्यावी.

कलम पाचवं: सायकल.

माणिकप्पा दुकानदाराला. नुकसानभरपाई म्हून.

ह्या कायद्यानं गावात एकट्याचं नुकसान झालं ते माणिकप्पाचं. एक दिवस गिऱ्हाईक नसताना मला बोलावून म्हनला, "भीम्या, हा जिल्हा माझ्या मुळावर आलाय बघ. घासलेट खपंना. कापडं पुरवून धुतेत, सोडा खपंना. काड्याची पेटी बी तीन घरात मिळून एक. आन आळीतनं एकच पोरगं येतं, समद्यांचं घिऊन जातं. आधी दहा जनी यायच्या, दहा जनी बोलत बसायच्या, बोलता बोलता काई तरी जास्तीचं घ्यायच्या."

"वाईट झालं आप्पा."

"लातूरला जाऊन ईचारनार हाय. हा कायदा कोन्या गाढवानं काढला."

"ईचाराच," मी म्हनलो. मला वाटलं, कचेरीत ह्येला कोन बसवून घेनार. "सडकंपतोर सायकल नेता का माझी?"

नेली. माझीच सायकल, माझ्याच मुळावर. कचेरीत कोनी तरी त्येला बसवून घेतलं. असा कायदा हाय हे तिथं कोनाला मालूम नव्हतं, म्हून साहेब बघायला येतोय. सायकलीला घंटी न्हाई, बिरेक हाय असं समजावं.

कलम सहावं: श्रेय.

अर्जनवीस म्हनायचा, ज्याला काई मिळनार त्येला साक्षीदार करू नये. मी समद्यांला काई ना काई दिलं, सबब साक्षीला सरपंच अण्णाराव आन व्यंकटी कोतवाल एवढेच उरले. दोघांला काई न्हाई. फक्त कायद्याचं श्रेय अण्णारावाला असू द्यावं. ते असं बी बाजारात सांगायलेत की मी लातूरला खेटे घालून हा कायदा आनला. श्रेय ही इस्टेट न्हाई, त्येला स्टांप लागत न्हाई.

कलम सातवं: गुरुजीला माझा सातवीचा निकाल.

हे मृत्युपत्र अमलात आनायची जिम्मेदारी भन पंचशीलाची. आई म्होरं सावलीला बसलीय, पाटीवर 'ई' काढायलीय. काय लिव्हायलास म्हून ईचारलं, अर्ज हाय म्हनलं.

कागद घडी घालून अण्णारावाकडं सहीला नेला.

"काय हाय रे?"

"अर्ज हाय, सरपंच."

"कशाचा?"

"मेल्यावरचा."

"मग घाई कशाला करायलास," म्हनले आन सही केली. सरपंच वाचून सही करत न्हाईत, हे एक बरं.

साक्षीदार १) अण्णाराव, सरपंच (सही)
साक्षीदार २) व्यंकटी, कोतवाल (डाव्या हाताचा अंगठा)
लिहून देणार: भीमा नरसिंग सोनकांबळे (सही)
मुक्काम कवठापूर, एप्रिल १९८३.

पुरवनी.

वरचा मजकूर लिव्हला त्येच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही पुरवनी जोडतो, मी जिवंत असल्या कारनानं.

साहेब आला. तरना होता, चष्मा, संगं एक कारकून. पारावर खुर्ची टाकली. माणिकप्पा पुढं, इस्त्रीचा सदरा घालून.

साहेब म्हनला, "हा बाजेचा हुकूम कुणी काढला?"

अण्णाराव म्हनले, "लातूरनं आला, साहेब. म्या सोता पाठपुरावा केला."

"लातूरहून तर मी आलोय."

माणिकप्पानं मिशीवरनं हात फिरवला. मी उठायला लागलो. खरंच लागलो, एक गुडघा वर आला होता. तेवढ्यात बायांतनं आई म्हनली, "साहेब, तुमी नवे हाव का हितं?"

"हो. महिना झाला."

"मग बरोबर हाय. तुमच्या आधीचा असंल. सक्रातीला दवंडी झाली."

साहेबानं कारकुनाकडं बघितलं. कारकून हळू म्हनला, "साहेब, आपले कागदांचे सगळे गठ्ठे अजून सुटलेले नाहीत."

साहेबानं चष्मा पुसला. "दवंडी कुणी दिली?"

आता मात्र मी मेलो असं धरलं. व्यंकटी पुढं आला. दवंडीच्या दिवशी तो देगलूरला जावयाच्या घरी मटन खात होता. न दिली म्हनला तर बिनरजेचा गावाबाहेर गेलेला सापडतो. त्येनं एकडाव सरपंचाकडं बघितलं, एकडाव आभाळाकडं.

"मीच दिली, साहेब."

"काय दिली, म्हणून दाखवा."

आन व्यंकटीनं म्हनून दाखवली. बाज, घमेलं, डाळ, गोधडी, शब्दाला शब्द. समद्या गावाला ती पाठ होती. 'डाळीला थंडी' म्हनताना ठसका बी दिला, मी दिला होता तिथंच. मी त्येची नक्कल केली होती, आता तो माझी करत होता, आन माझ्यापरीस बरी करत होता.

मंग साहेब फिरला. घमेलं बघितलं, लिंबू बघितलं. शांतम्मानं टोपली उघडून डाळ वाढली, संगं ज्वारीची भाकर. साहेबानं उभ्यानं खाल्ली, परत मागितली. हात धुतले ते पानी शांतम्मानं घमेल्यात धरलं.

पारावर येऊन साहेब म्हनला, "हं. हा हुकूम आमचाच आहे."

कारकुनानं लिव्हून घेतलं.

"शेजारच्या गावांनाही लागू करू. आणि सरपंच, यातली पुढची कलमं निघतील तशी पाळत जा. दवंडी झाली की झाली. कचेरीत विचारायला माणूस पाठवू नका."

अण्णारावानं हात जोडले. "जसा हुकूम."

माणिकप्पा म्हनला, "साहेब, माझं घासलेट?"

"तुम्ही घमेली विका."

जीप गेली. सरपंच खोटं बोलले आपल्या श्रेयापायी, कोतवाल खोटं बोलला आपल्या रजेपायी, साहेब खोटं बोलला आपल्या गठ्ठ्यापायी. मी एकटाच खरं बोलायला निघालो होतो, मला कोनी येळच दिली न्हाई.

घरी आलो तर आई वरवंट्यानं तेलाच्या डब्याचा चेप काढायली होती.

"शेळी लई जोरात लाथ मारती रे," ती म्हनली.

मी पायातल्या वहाना काढायला लागलो.

"शेळ्या नाकातनं बोलतेत हे मला मालूम नव्हतं."

"कवापासनं कळलं तुला?"

"पैल्या थापंपासनं. डबा माझा हाय. रोज त्यातनं तेल काढते, त्येचा आवाज मला कळंना व्हय?"

"मग कायदा करनारी बाई असंल म्हनलीस ते?"

आईनं डबा उलटा करून बघितला. चेप निघाला होता. पदरानं पुसला, माझ्या म्होरं ठिवला.

"एक कलम ऱ्हायलंय त्यात."

"कोनतं?"

"अण्णारावाची हीर. समद्या आळीची घागर समद्या हिरीला लागंल. म्हन बरं व्यंकटीगत."

मी म्हनलो.

"जरा नाकातनं म्हन. आन शेवटाला लांबव."

परत म्हनलो. मग मला आज्या आठवला. म्हनलं, "आई, आज्यानं गावाचं वाजवायचं सोडलं होतं."

"सोडलंच की. हे गावाचं हाय का, हे आपलं हाय. आन ही हलगी न्हाई, डबा हाय." एवढं बोलून तिनं पाटी घेतली आन 'ई' काढायला लागली.

आता समदे कसे आडकलेत बघा. व्यंकटीला म्हनता येनार न्हाई की ही दवंडी माझी न्हाई, कारन आधीची त्येनं आपली म्हनली. अण्णारावाला कचेरीत ईचारता येनार न्हाई, साहेबानं चौकात सांगितलंय. आन साहेबाचे गठ्ठे सुटायला अजून येळ हाय.

हे मृत्युपत्र फाडून टाकनार होतो, पर अण्णारावाची बिनवाचता सही परत मिळंल न मिळंल. सबब पत्र्याच्या वळचनीला खोवून ठिवतो. ज्येच्या हाताला लागंल त्येला ईनंती, कलम पैलं ते सातवं मी मेल्यावर बघावं, पर पुरवनी वाचून आत्ताच विसरावी. दवंडी परवा फाटं हाय. तवर तर कोनाला सांगूच नका. आईची घागर त्या हिरीत बुडून वर येईपतोर सांगू नका. मिरगाचा पाऊस पडून हिरी भरल्या तरी सांगू नका, तवा तर बिलकुल न्हाई, लोकांला बाज सोडायला निमित्तच पायजे असतं. सायकल पायजे तर तुमी घ्या, माणिकप्पाला मी समजावतो. बिरेक बी बसवून देतो. पाया पडतो बाबा, बाई, जे असाल ते, पर कोनाला बोलू नका.